ताउनुसच्या रानातले बेरन

“विश्वास बसणार नाही तुमचा,” श्यामकांत लेले म्हणाला, “पण गेल्या रविवारी मी अस्वलं बघून आलो. इथल्याच, ताउनुसच्या रानात.”

दत्तात्रयने कप खाली ठेवला. “पिंजऱ्यातली?”

“मोकळी. अमेरिकेतल्या त्या ग्रिझलीची चुलत भावंडं.”

एकसष्ट सालचा ऑगस्ट. जर्मनीतल्या बाड हॉम्बुर्गमधल्या उल्काच्या भाड्याच्या खोलीत तिघं चहाला बसली होती. येताना श्यामकांतने घरमालकिणीने दिलेली मुरंब्याची बरणी आणली होती. दत्तात्रय हा उल्काचा थोरला भाऊ. बहिणीसाठी आलेलं स्थळ तो पारखत होता, आणि होकार की नकार ते आजच पुण्याला कळवायचं होतं. त्याचं मत जवळपास ठरलंच होतं. मुलगा हुशार, डॉक्टरेट होईल, पण भित्रा. समोरून कुत्रं आलं की हा रस्ता बदलतो, हे फ्रँकफर्टमधल्या झाडून साऱ्या मराठी विद्यार्थ्यांना ठाऊक होतं.

“नेलं कुणी?”

“आमच्या घरमालकिणीने, फ्राऊ क्राउसने. दर उन्हाळ्यात सगळ्या भाडेकरूंना नेते. शनिवारी जिन्यात गाठून म्हणाली, उद्या रानात बेरन, येणार का? आता जर्मनमध्ये बेर म्हणजे अस्वल, हे पोरंही सांगतील. बेरन म्हणजे पुष्कळ अस्वलं.”

“आणि तू गेलास?” दत्तात्रय हसला. “तू?”

“आल्झो, म्हणजे ऐका तर खरं. प्रत्येकाच्या हातात एक बादली.”

“बादली कशाला रे?”

“बडवायला. अस्वल आवाजाला बिचकतं. शिवाय एकेक लोखंडी पंजा, हे एवढाले दात. अंगावर आलंच तर ओरबाडायचं. रानात शिरलो आणि सगळे कमरेत वाकले. कुणी चकार शब्द काढेना.”

उल्काने बरणी उघडली आणि ती पावाला मुरंबा लावू लागली.

“मग?”

“मग काय! झुडपात काळंभोर काहीतरी दिसलं. बघतो तर जिकडे तिकडे बेरन! फ्राऊ क्राउस सत्तरीची बाई, पण पंजा परजून सरळ घुसली. मग मी कसला मागे राहतोय? हे बघा.”

त्याने मनगट पुढे केलं. त्यावर खरोखरच ओरखडे होते.

“आणि हे रक्त.” कोटाच्या बाहीवर मोठा डाग होता.

“जांभळं?”

“अस्वलाचं रक्त वाळलं की असंच दिसतं.”

“तुझं तोंड पांढरंफटक पडलं असेल.”

“ओठ निळे पडले. खोटं कशाला बोलू? पण एकट्याचे नाहीत, सगळ्यांचे. जर्मनांचेसुद्धा.”

दत्तात्रयने खुर्ची पुढे ओढली. “लेका, माणूस ओळखायला मी चुकलोच म्हणायचा.”

उल्काने बोट पांढऱ्या रुमालाला पुसलं. रुमालाकडे पाहिलं, मग श्यामकांतच्या बाहीकडे.

“मिस्टर लेले, एक विचारू? घरातून निघताना तुम्हाला ठाऊक होतं, अस्वलंच बघायला चाललोय म्हणून?”

“म्हणजे काय! रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पहाटे उठून आईला चार ओळी लिहून ठेवल्या.”

“कुत्र्याला घाबरता ना तुम्ही?”

श्यामकांतने मान खाली घातली. “घाबरतो.”

“आणि तरी गेलात?”

“गेलो खरा.”

“तेवढं खरं,” उल्का म्हणाली. “बाकी सगळी थाप. दादा, बेरन म्हणजे झुडपावरची निळी फळंसुद्धा. बादली आणि पंजा ती तोडायला.” मग तिने पावाची बशी श्यामकांतपुढे सरकवली.

“अहो, घ्या ना. तुमच्या अस्वलाचा मुरंबा झकास झालाय.”