तांदळातलं नाव

खुर्चीत झोपवलेल्या सुनेच्या कानामागे वायर जोडून तंत्रज्ञाने पडद्याकडे पाहिलं.

“काकू, यांच्या डोक्यात दोन नावांनी आठवणी आहेत. लग्नाआधीची तेवीस वर्षं ‘मृणाल’ नावाने, नंतरची दोन ‘ईश्वरी’ नावाने. नवी सिस्टिम टाकताना सगळं पुसलं जातं. दोन्हींचा बॅकअप घेऊ ना?”

“आमच्या घरात मृणाल नावाचं कोणी नाही,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “माझ्या मुलाने ताटातल्या तांदळात अंगठीने ईश्वरी लिहिलंय. तेवढंच घ्या.”

“पण काकू, माहेरचं सगळं जाईल...”

“ऊठसूट माहेर, माहेर! वैताग आलाय. घ्या म्हणते ना!”

तासाभराने ईश्वरी हसत बाहेर आली. बाकावर तिची आई बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन बसली होती. ती धडपडत उठली.

“मृणू, फार दुखलं का गं?”

ईश्वरीने त्या बाईकडे पाहिलं, पदर सावरला आणि सासूला हळूच विचारलं, “आई, या कोण?”

“पाहुण्या आहेत. पाया पड.”

ईश्वरी वाकली. अगदी प्रमिलाबाईंनी शिकवलं होतं तशी.