झाकणावरचे दोन शिक्के

न्हाणीघरातलं दगड घासायचं यंत्र बंद झालं आणि घर इतकं शांत झालं, की आपण बहिरे झालो की काय, असं फुमिएला वाटलं. हिवाळाभर यंत्रावरचा रबरी डबा गोल फिरत होता. आत खरखरीत पूड, पाणी, थोडे बारके खडे आणि दोन दगडी चकत्या. फुमिए हिवाळाभर अंघोळीला सार्वजनिक न्हाणीत जात होती.

तिच्या नवऱ्याने, इवाओने, डबा उचलून जुन्या वर्तमानपत्रावर ठेवला.

"थांब," सेइकिची म्हणाला. "आधी शिक्के बघू दे."

झाकणावर आडवी कागदी पट्टी होती आणि तिच्यावर दोघांच्या नावांचे लाल शिक्के, अर्धे पट्टीवर, अर्धे झाकणावर. जमिनीच्या कागदांवर मारतात तसे. सेइकिचीने चष्मा कपाळावर सारून ते जवळून पाहिले.

"शाबूत आहेत."

"मग? मी काय चोर आहे?"

"चोर असतास तर शिक्के कशाला मारले असते? सरळ डबाच घरी नेला असता."

दगड दोघांना एकाच वेळी सापडला, ही खरी अडचण होती. वादळाच्या दुसऱ्या दिवशी इतोइगावाच्या किनाऱ्यावर सेइकिचीने बोट दाखवलं आणि इवाओ वाकला. पाहणारा मोठा की वाकणारा, यावर दोघं शाळेतले मित्र एकमेकांशी बोलेनासे झाले. जन्मभर किनारा तुडवून दोघांच्याही हाती आजवर फक्त कोल्ह्याचे दगड आले होते. हिरवे दिसतात, घरी आणले की फसवतात, म्हणून ते नाव. या वेळी मात्र जेड होता, तो मौल्यवान हिरवा दगड. निदान दोघंही तसं शपथेवर सांगत होते. शेवटी फुमिएनेच तो दगड कापणाऱ्याकडे नेला. एकाला कमी, एकाला जास्त नको, म्हणून एकाच पुठ्ठ्यावरून आखून काजूच्या आकाराच्या दोन चकत्या करून आणल्या. डावी सेइकिचीची, उजवी इवाओची.

यंत्र इवाओचं, त्यामुळे संशय सेइकिचीला. दर आठवड्याला झाकण उघडून आत काय चाललंय ते बघा, असं यंत्राबरोबरच्या कागदावर छापलं होतं. पण उघडायचं म्हणजे दोघं हजर हवेत, दोघांचे शिक्के हवेत, आणि उघडू या असं आधी कुणी म्हणायचं? जो म्हणेल त्याच्या मनात काहीतरी आहे, असं दुसऱ्याला वाटणार. सेइकिची रोज मुळ्याचं लोणचं घेऊन यायचा, न्हाणीघराच्या दाराला कान लावायचा, चहा पिऊन जायचा.

इवाओने पट्टी फाडली. करड्या चिखलात हात घालून दोन्ही चकत्या काढल्या आणि नळाखाली धरल्या.

एक हिरवीगार निघाली. खोल पाण्यात दिवा लावावा तशी. दुसरी चोखून टाकलेल्या गोळीसारखी झाली होती. कडा गेलेल्या, मधे खड्डे, एका टोकाला आरपार भोक.



"एकाच दगडाच्या ना या?" इवाओने विचारलं.

"एकाच दगडाच्या," फुमिए म्हणाली. "माझ्यासमोर कापला."

"मग अर्धा जेड आणि अर्धा कोल्हा?"

"डावी कुठली?" सेइकिचीने विचारलं.

इवाओने चकत्या एकदा अशा ठेवल्या, एकदा तशा. मग स्वतःच पलीकडे जाऊन बसला आणि तिथून बघू लागला. त्याने काहीच सुटलं नाही. फक्त डावीची उजवी झाली.

"मी माझ्या चकतीवर मागच्या बाजूला पेन्सिलीने ठिपका केला होता," सेइकिची म्हणाला.

"पेन्सिलीने?"

"हो."

"हिवाळाभर वाळूत घासल्यावर तुझा ठिपका राहील?"

"जोरात दाबून केला होता."

फुमिएने चहा ओतला. "मूठ, कात्री, कागद करा आणि मोकळे व्हा," ती म्हणाली. "जिंकेल त्याची हिरवी. आणि त्याने गावभर सांगत फिरावं, जेड मलाच सापडला. हरेल त्याला कोल्हा."

दोघांनी हात पाठीमागे नेले. दोघांनी मूठ काढली.

पुन्हा मूठ.

पुन्हा दोघांची मूठच.

"शाळेपासून तू मूठच काढतोस," इवाओ म्हणाला.

"ते तुला शाळेपासून माहीत आहे. मग कागद काढ की, जिंकशील."

इवाओने आपल्या मुठीकडे पाहिलं. हात उघडायला लागला, पण उघडला नाही. सेइकिचीही आपल्या मुठीकडेच बघत होता. चहा निवला.

"पूड फार भरड होती," इवाओ म्हणाला. "अजून काम नीट झालेलं नाही."

"मला तेच वाटत होतं," सेइकिची लगेच म्हणाला. "मी म्हणणारच होतो."

दोन्ही चकत्या परत डब्यात गेल्या. त्यांच्यावर खडे, नवी पूड, पाणी. झाकणावर नवी पट्टी.

"आता कधीपर्यंत?" फुमिएने विचारलं.

"दोन्ही सारख्या दिसेपर्यंत."

"दिसतील की. दोन्ही संपल्या की अगदी सारख्या दिसतील."

यावर दोघांनी मान डोलावली. चला, एकदाचं कुणीतरी समजुतीचं बोललं, अशी. सेइकिचीने खिशातून शिक्का काढला, त्यावर तोंडाची वाफ दिली आणि इवाओच्या शिक्क्याशेजारी नीट, सरळ रेषेत उमटवला.

"उद्या जरा लवकर येतो," तो म्हणाला.

न्हाणीघरात खडखड सुरू झाली. फुमिएने खुंटीवरचा टॉवेल घेतला, घमेल्यात साबण टाकला आणि ती अंघोळीला बाहेर पडली.