फुकटची लस

करोनाच्या आदल्या पावसाळ्यात फ्लूची लस घेऊन मी नानाजींच्या दारात तीनदा गेले. त्यांची सून अर्पिता सात महिन्यांची गरोदर होती आणि गरोदर बायांना ही लस सरकारकडून फुकट होती. तिसऱ्या खेपेला पोरीने बाही वर सरकवली, तर नानाजी खाटेवरूनच म्हणाले, "सर्दी-पडशाले कायले सुई टोचता, सिस्टर? आमच्या घरी नाही चालत."

तिने बाही खाली घेतली.

पोळ्यानंतर ती स्वाईन फ्लूने गेली, पोटातल्या लेकरासकट. तेरवीला नानाजी आल्यागेल्याला सांगत होते, तिच्या नशिबातच नव्हतं.

पुढच्या वर्षी करोना आला, फ्लूची लस त्यालाही चालते अशी आवई उठली आणि जिला कुत्रं विचारत नव्हतं त्या लसीसाठी उपकेंद्रापुढे रांग लागली. पहिला नंबर नानाजींचा, तोंडाला दुपट्टा बांधून. मी त्यांच्याकडे न बघता सांगितलं, "ही फक्त गरोदर बायांसाठी आहे."

ते टेबलावर वाकले आणि हळूच म्हणाले,

"आमच्या सुनेची राह्यलीच होती न, सिस्टर. तिच्या वाट्याची मले टोचा."