पूड न घातलेला फ्लास्क

"फ्लास्क नीट धुतला नसशील," असं सर पुन्हा म्हणाले आणि माझं डोकंच फिरलं.

आमच्या प्रयोगशाळेत नव्या उत्प्रेरकाची चाचणी चालली आहे. त्याची पूड चिमूटभर घातली की द्रावणातून भराभर बुडबुडे निघतात. पूड मात्र होती तशीच उरते. ही पुडीचीच करामत आहे हे दाखवायला एक फ्लास्क पुडीविना ठेवतात. माझा नेमका तोच फसफसत होता.

मी खोक्यातून नवाकोरा फ्लास्क काढला आणि सरांच्या नाकासमोर त्यात द्रावण ओतलं. लगेच फसफस सुरू झाली.

"आता बोला! हा कधी धुवायचा होता मी?"

"मग तुझी हाताळणीच वाईट," म्हणत सर फोन घ्यायला बाहेर गेले.

बुडबुडे थांबले. सर आत आले आणि ते पुन्हा सुरू झाले.

"सर, जरा दाराबाहेर उभे राहा बरं."

ते हसत बाहेर गेले. द्रावण निपचित पडलं.

मी इथे आले तेव्हापासून सर आहेत तसेच आहेत. माझ्या आधीच्या दोघी ताया मात्र तिशीतच म्हाताऱ्या दिसायला लागल्या. कामाचा ताण, असं आम्ही म्हणायचो.

सर परतले, थेट माझ्यामागे येऊन थांबले. फ्लास्क उतू गेला.

"केस बांधत जा. तेच पडत असतील त्यात," म्हणत त्यांनी माझ्या खांद्यावरची बट बोटाने मागे सारली.

समोरच्या कपाटाच्या काचेत मला ती बट दिसली. टोकापासून वर वर ती पांढरी होत चालली होती.