पालची सॅक

तपासनीस बाईंनी सॅकमधून चढाईचे बूट काढले, तळ वर करून दिव्याखाली धरले आणि वहीत दोन ओळी लिहिल्या.

"सही कुठे करू?" मुलीने विचारलं. ती अजून उभीच होती.

"बसा. एकेक वस्तू दाखवल्याशिवाय मी सही घेत नाही."

गिर्यारोहण क्लबच्या मागच्या खोलीत टेबलावर पांढरा कागद अंथरला होता. शेजारच्या सभागृहातून खुर्च्या ओढल्याचे आवाज येत होते. पाचला शोकसभा होती. मुलीने तिथे बोलायला नकार दिला होता.

तिच्या वडिलांना सगळे पाल म्हणत. गुळगुळीत कड्यावर जिथे इतरांना बोट टेकवायला जागा सापडत नसे, तिथे तो थांबून शीळ घालायचा. या डोंगरांतल्या एकशे बारा वाटा सर्वांत आधी त्याने चढल्या होत्या. तरी दर सहा महिन्यांनी तो आपला दोर तपासायला स्वतः घेऊन यायचा. बाईंनी बाद केला की हुज्जत न घालता तिथेच कात्रीने त्याचे तुकडे करायचा. "यापेक्षा सासू परवडली," एवढं मात्र म्हणायचा. मंगळवारी तो कड्यावरून पडला. एकटाच होता. त्रेसष्ट वर्षांचा.

"बाहेर सगळे म्हणतायत, शेवटच्या श्वासापर्यंत चढत राहिला," मुलगी म्हणाली. "त्यांना कौतुक आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा माझा हात धरून बाबांनी शब्द दिला होता. नवा कडा चढणार नाही म्हणून. मला चक्क फसवलं त्यांनी."

बाईंनी बूट तिच्यासमोर ठेवले.

"हे सॅकमध्येच होते. तळाला धूळसुद्धा नाही. पायात साधे बूट होते. हाताला लावायच्या पांढऱ्या पुडीच्या पिशवीचं तोंड बांधलेलंच आहे." मग त्यांनी दोर पुढे ओढला. "हे टोक माथ्यावर झाडाला बांधलेलं सापडलं. तो चढत नव्हता. वरून उतरत होता. आणि हा तारेचा ब्रश बघा, शेवाळाने भरलाय. कड्यावरचे सुटे दगड काढून वाट झाडत होता. त्यातल्याच एका दगडाने दोर कापला."

मुलगी ब्रशकडे बघत राहिली. मग तिने मान हलवली.

"झाडत होते म्हणजे उद्या-परवा चढणारच होते. जो झाडतो तोच पहिला चढतो. पायथ्याशी स्वतःच्या नावाची पट्टी ठोकायची, की तो चढेपर्यंत दुसरं कुणी हात लावत नाही. मी या क्लबात रांगलेय, बाई. मला नका समजावू."

दोरावरून आणि बुटांवरून जे सांगता येत होतं, ते बाईंचं सांगून झालं होतं. माणसाच्या मनात काय होतं ते भिंग लावून दिसत नाही.

सॅकच्या तळाशी आता एकच वस्तू उरली होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. बाईंनी कागद सोडवला. आत पत्र्याची नवीकोरी पट्टी निघाली. तिच्यावर खिळ्याने टोचून एकेक अक्षर काढलेलं होतं. बाईंनी ती वाचली. वहीत काही न लिहिता त्यांनी पट्टी मुलीच्या हातात दिली.

मुलीने ती एकदा वाचली, पुन्हा वाचली. अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि उठून दाराकडे निघाली.

"सही राहिली," बाई म्हणाल्या.

"आल्यावर करते."

सभागृहात अध्यक्ष पालच्या अखेरच्या चढाईबद्दल बोलत होते. ती थेट माइकपाशी गेली, तेव्हा ते गडबडून बाजूला झाले.

"बाबा चढत नव्हते," ती म्हणाली. "वाट झाडत होते. त्यांनी तयार केलेली पट्टी ही. नावाच्या जागी काय लिहिलंय, तेवढंच वाचते."

तिने पट्टी दोन्ही हातांनी धरली.

"वाट मोकळी आहे. जो पहिला येईल, त्याची."