नको असलेल्या नावांना नवे मालक

“उद्यापर्यंत थांबा ना, दादा,” ती फोनवर करवतवाल्याला म्हणाली. “मग खुशाल कापा.”

“ताई, हे तुम्ही मागच्या आठवड्यातही म्हणाला होतात.”

ती खरंच म्हणाली होती.

धक्क्यावर टाकून दिलेल्या होड्या मोडीत निघण्याआधी कुणाच्या तरी गळ्यात बांधायच्या, हे संस्थेचं काम. संस्था म्हणजे साहेब, ती आणि एक पंखा. साहेब बोलायचे, पंखा फिरायचा, उरलेलं ती करायची.

दारावरच्या पाटीवर आधी ‘बोट’ होतं. पेंटरने घाईत ‘नको असलेल्या बोटांना नवे मालक’ असं रंगवलं आणि दुसऱ्याच दिवशी एक गृहस्थ अंगठी अडकलेलं बोट घेऊन आले. मग साहेबांनी शुद्ध शब्द निवडला. ‘नको असलेल्या नावांना नवे मालक.’ आता गोंधळाला जागाच उरली नव्हती.

तिने बऱ्याच नावा खपवल्या होत्या. एक हॉटेलवाल्याने काउंटर म्हणून नेली, एक शाळेने घसरगुंडी म्हणून. फक्त बाबांची कुणी नेत नव्हतं. बाबा गेल्यापासून ती नाव आवारात पालथी पडली होती. येणारा प्रत्येक जण तिला नावं ठेवून जायचा.

घरी आई रोज जेवताना विचारायची, “मिळालं का कुणी?”

ती ताटात बघायची.

“त्यांच्या जागेवर कुणीतरी बसलेलं दिसू दे गं,” आई म्हणायची. “रिकामी जागा बघवत नाही.”

दुपारी एक माणूस आला. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात बॅग. बाहेर थांबून त्याने पाटी दोनदा वाचली, मग आत आला.

“मिळेल का एखादं?”

“एकच आहे. माझ्या वडिलांची.”

“वडील...?”

“गेले.”

“मग बरंय,” बॅगवाला म्हणाला आणि ओशाळला. “म्हणजे, वाईट झालं. कसं आहे? डाग वगैरे?”

नाव स्त्रीलिंगी असते, हे येणाऱ्यांतल्या निम्म्यांना माहीत नसायचं. सुरुवातीला ती सुधारायची. आता दमली होती.

“थोडेफार असतील. पण बाबांनी जिवापाड जपली.”

“माझं मी पार बुडवलं,” तो म्हणाला. “गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही.”

“होतं असं. पोहता येतं ना?”

“येतं,” तो म्हणाला. हे कशाला विचारलं, ते त्याला कळलं नसावं.

“अट एकच. घ्यायचं तर सगळ्या जबाबदारीसकट. नुसतं मिरवायला नाही. बाबांनी जे निभावलं ते सगळं निभावायचं.”

“घरी कोण असतं?”

“आई. तिला अधूनमधून दर्शन द्यायचं. बाबांच्या जागेवर कुणीतरी बसावं, एवढंच तिचं म्हणणं आहे.”

बॅगवाल्याने हातातली बॅग खाली ठेवली.

“जमेल,” तो म्हणाला. “तसाही पळून पळून कंटाळलोय.”

“इंजिन नाहीये हं,” तिने प्रामाणिकपणे सांगितलं.

“माझं तरी कुठे राहिलंय!”

ती कित्येक महिन्यांनी हसली. बाबांचे कागद तिने पुढे सरकवले. त्याने सगळ्यात वरची ओळ ओठांतल्या ओठांत तीन-चारदा म्हणून बघितली, नवी चप्पल घालून बघावी तशी.

“पत्ता हाच?”

“हाच. आई घरीच असते.”

“मग निघतो.”

“नेणार कसं?”

“नेणार काय,” तो म्हणाला, “घेतलं की!” आणि बॅग उचलून गेला.

टेम्पो आणायला गेला असेल, असं ती समजली. तिने करवतवाल्याला फोन लावला. “दादा, येऊ नका. खपली एकदाची.”

“कोण भेटला?”

“साधा माणूस होता. काही घासाघीस नाही, काही नाही.”

संध्याकाळी निघताना नाव अजून आवारातच पालथी होती. टेम्पोवाले कधी वेळेवर येतात? तिने जाता जाता तिच्या पाठीवर हात फिरवला आणि घर गाठलं.

दाराशी एक बॅग होती. खुंटीवर इस्त्रीचा शर्ट लटकत होता. बाबांच्या खुर्चीवरची चादर कुणीतरी बदलली होती. आई स्वयंपाकघरात होती. तिने केस नीट विंचरले होते.

“आई, हे कोण आलंय?”

“दारात उभे होते. नाव विचारलं, तर यांचंच सांगितलं.” आईने गॅस बारीक केला. “आता हळू बोल. तुझे बाबा फार दमून आलेत.”