भंडारा उचलला

ऊसतोडीवरून परतलेल्या रुपालीनं लेकीचे दोन्ही डोळे काळेनिळे पाहिले आणि ती सासूच्या अंगावर धावून गेली. "तुमच्या भरवशावर पोर ठिवून गेल्ते, आत्या. असं मारायचं व्हय तिला?"

मालनबाईनं देवळात जाऊन चारचौघांदेखत खंडोबाचा भंडारा उचलला. "नातीला बोट लावलं न्हाई मी." तरी सून तिच्या हातचं पाणी पिईना.

नगरच्या डॉक्टरांनी पोरीच्या सगळ्या तपासण्या केल्या. "हिला कुणी मारलेलं नाही. पोटात कॅन्सरची गाठ आहे, ती डोळ्यांपर्यंत पोचलीय."

मालनबाईनं डॉक्टरांचे पायच धरले. "पुन्हा एकडाव बघा, सायेब. भंडारा खोटा उचलला मी. मीच मारलंय पोरीला."